जॉन ब्राउनिंग : सहा हजार गोळ्या, एकदाही ‘हँग’ नाही

कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर फोन वाळूत पडला की चार्जिंग पोर्टचं काय होतं, ते तुम्हाला माहीतच असेल. पिस्तुलाचंही तसंच. फरक एवढाच, की ऐनवेळी ते अडकलं तर जीव जातो. म्हणूनच जॉन ब्राउनिंग यांची गोष्ट वाचण्यासारखी आहे.

जन्म १८५५चा, अमेरिकेतल्या ऑग्डेन गावी. वडील बंदुका बनवणारे कारागीर. १८७९ मध्ये जॉनना पहिलं पेटंट मिळालं. पुढे त्यांनी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं बनवली. यात गोळी सुटतानाच्या धक्क्यानंच रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत येतं. ट्रिगर मात्र दर वेळी दाबावा लागतो. १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ज्या पिस्तुलानं गोळ्या झाडल्या, तेही ब्राउनिंगच.

मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्करानं खरेदीआधी कडक चाचणी लावली. एकूण ६००० गोळ्या. दर १०० नंतर पिस्तूल थंड करायचं, दर १००० नंतर साफ करून तेल द्यायचं. सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडलं. ब्राउनिंग यांचं एकदाही नाही! लष्करानं तेच निवडलं : ‘एम १९११’.

१९२६ मध्ये बेल्जियममधल्या कारखान्यात काम करतानाच ते गेले. त्यांचं अर्धवट राहिलेलं पिस्तूल सहकाऱ्यानं पूर्ण केलं. त्याचीच आवृत्ती पुढे ईशापूरला आपल्या सैन्यासाठी बनू लागली.

तेव्हा नवीन फोन घेताना नुसता पहिल्या दिवसाचा वेग बघू नका. सहा हजाराव्या वेळी तो कसा चालेल, ते विचारा.