नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी : पोरक्या मुलांचे बापू



धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका हाती आली म्हणजे तीत संतांची, धर्मगुरूंची व आपल्या वाडवडिलांची चरित्रे वाचावयास मिळावीत अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. प्रस्तुत लेखात मात्र एका हिंदू राजाचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे. आपला शेजारी कोण, हे शिकविताना प्रभू येशूने याजकाचा किंवा लेव्याचा कित्ता आपणांपुढे ठेविला नाही. परक्या मानलेल्या शोमरोन्याचा ठेविला. तो दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो आपल्याच देशात, आपल्या वडीलधाऱ्यांच्या हयातीत, कसा प्रत्यक्ष घडला हे पुढील हकिगतीवरून दिसून येईल.

दिग्विजयसिंहजी यांचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी काठेवाडातील जाडेजा राजकुळात झाला. क्रिकेटच्या खेळात ज्यांनी जगभर कीर्ती मिळविली ते नवानगरचे रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात व पुढे इंग्लंडात त्यांचे शिक्षण झाले. १९१९ पासून सुमारे बारा वर्षे त्यांनी लष्करात नोकरी केली, आणि १९३३ साली चुलत्यांच्या निधनानंतर ते नवानगरच्या गादीवर आले. या संस्थानच्या अधिपतीस जामसाहेब म्हणत व त्याची राजधानी जामनगर ही होती. १९३७ पासून १९४४ पर्यंत ते नरेंद्रमंडळाचे अध्यक्ष होते. रणजितसिंहजींचे स्वित्झर्लंडमध्ये सरोवराकाठी घर असे, व तेथेच विख्यात पियानोवादक आणि पोलंडचे एके काळचे मुख्य प्रधान पादेरेव्स्की यांच्याशी तरुण दिग्विजयसिंहजींचा परिचय झाला, असे सांगतात. दूरच्या त्या कॅथलिक राष्ट्राविषयी त्यांच्या मनात जो जिव्हाळा उत्पन्न झाला त्याचे बीज या ओळखीत असावे.

सन १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर दुहेरी संकट कोसळले. १ तारखेस पश्चिमेकडून जर्मन सैन्य शिरले, आणि १७ तारखेस पूर्वेकडून रशियाचे. पूर्व भागातील अगणित कुटुंबांना १९४० च्या फेब्रुवारीपासून मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरियात व कझाकस्तानात धाडण्यात आले. थंडी, उपासमार, रोगराई आणि काबाडकष्ट यांनी कित्येकांचे आईबाप तेथेच मातीआड झाले. जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर, १९४१ च्या जुलैअखेर, रशियन सरकारने पोलिश सरकारशी करार करून या लोकांस मोकळे केले. तेव्हा ते दक्षिणेच्या वाटेस लागले. त्या वाटेवर स्टेशनास्टेशनांवर पोरकी मुले आढळू लागली. कोणाची आई गाडीतच वारलेली, कोणाचा भाऊ गर्दीत हरवलेला. अंगावर चिंध्या, पोटाला काही नाही, अशा स्थितीत त्यांपैकी काही मुलांना अश्काबाद येथील अनाथालयात जमविण्यात आले.

या मुलांस ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. युद्ध ऐन भरात होते. हिंदुस्थानच्या इंग्रज सरकारलाही हा भार शिरावर घेणे जड वाटत होते. अशा वेळी जामसाहेबांनी आपल्या संस्थानात त्यांची सोय करण्याचे आपण होऊन कबूल केले. मुंबईहून मदतीचे सामान घेऊन गेलेल्या मोटार लॉऱ्यांतूनच मुलांची पहिली तुकडी निघाली, आणि डोंगर व वाळवंट तुडवीत, मशहदवरून इराण ओलांडून हिंदुस्थानात पोहोचली. छावणी अजून तयार व्हावयाची होती. म्हणून १९४२ च्या उन्हाळ्यात ही मुले काही महिने मुंबईस आपल्या वांद्र्यातच राहिली. त्यांच्या रोडक्या शरीरांवर तेथे पुन्हा थोडे मांस चढले.

जामनगरपासून काही कोसांवर, कच्छच्या आखाताच्या काठी, बालाचडी म्हणून गाव आहे. तेथे जामसाहेबांचा उन्हाळी राजवाडा होता. त्या राजवाड्याजवळच त्यांनी मुलांसाठी कौलारू बराकी बांधविल्या. मुले तेथे आली तेव्हा जामसाहेबांनी त्यांस सांगितले की, तुम्ही यापुढे स्वतःस अनाथ समजू नका. तुम्ही आता नवानगरचे झालात, आणि नवानगरच्या सर्व प्रजेचा जो बापू तोच तुमचाही बापू. हे शब्द त्या मुलांच्या अंतःकरणात कायमचे कोरले गेले. छावणीत सर्व मिळून सहाशेहून अधिक मुले वाढली.

अन्नवस्त्र देणारे दाते जगात पुष्कळ असतात. परंतु जामसाहेबांच्या औदार्याचा विशेष निराळाच होता. ज्याला आश्रय दिला त्याला आपल्यासारखे करून घ्यावे, असा मोह उपकारकर्त्यास सहज होतो. जामसाहेबांना तो कधी शिवला नाही. मुलांना आपला तिखट स्वयंपाक सोसेना, तेव्हा युरोपीय जेवण रांधणारे गोव्याचे स्वयंपाकी त्यांनी आणविले. पानात रोज पालक येऊ लागल्यावर मुलांनी तो खाण्याचे साफ नाकारले. ही तक्रार राजाच्या कानी जाताच पालक बंद करण्याचा हुकूम सुटला. मुलांची शाळा पोलिश भाषेत भरे. त्यांचे बालवीर पथक होते, त्यांच्या राष्ट्राचे निशाण छावणीवर फडकत असे. छावणीचे प्रमुख फादर फ्रान्सिशेक प्लुटा हे कॅथलिक धर्मगुरू होते. मुलांसाठी प्रार्थनामंदिर होते, तेथे पवित्र मिस्सा होई, आणि नाताळ व ईस्टर हे सण ती आपल्या मायदेशीच्या चालीने पाळीत. त्यांची नृत्ये व नाटके पाहावयास जामसाहेब जातीने येत आणि त्यांचे कौतुक करीत. मुलांनी आपला धर्म, आपली भाषा व आपला देश विसरू नये, याची काळजी परधर्मीय राजाने वाहिली!

सन १९४३ पासून अशीच दुसरी, याहून मोठी वसाहत आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. इराणातून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तेथे राहत. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. १९४६ साली बालाचडीची छावणी बंद झाली, तेव्हा तेथील मुलांसही वळिवड्यास आणण्यात आले.

युद्ध संपले तरी मुलांवरील संकट टळले नव्हते. पोलंडात रशियाच्या छत्राखाली नवे सरकार आले, आणि अनाथ मुलांना परत पाठवा अशी मागणी होऊ लागली. ज्या सत्तेने त्यांच्या आईबापांना हद्दपार केले, तिच्याच पंखाखाली जाण्यास पुष्कळ मुले भीत होती. तेव्हा जामसाहेब, फादर प्लुटा व छावणीचा एक ब्रिटिश अधिकारी या तिघांनी मिळून मुलांना कायद्याने दत्तक घेतले. बापू हा शब्द त्यांनी असा सरकारदरबारी खरा करून दाखविला. पुढे कोणी इंग्लंडला, कोणी अमेरिकेस, कोणी ऑस्ट्रेलियास गेले. काही पोलंडलाही परतले.

हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर जामसाहेबांनी आपले संस्थान भारतात विलीन केले, आणि १९४८ पासून १९५६ पर्यंत सौराष्ट्राचे राजप्रमुखपद भूषविले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी ते निवर्तले. या उपकाराची फेड कशी करावी, असे पोलंडचे प्रधान सेनापती सिकोर्स्की यांनी विचारले असता, स्वतंत्र पोलंडात एका रस्त्यास माझे नाव द्या, एवढेच जामसाहेबांनी मागितले, अशी आख्यायिका आहे. ती इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. परंतु पोलंड स्वतंत्र झाल्यावर वॉर्सा येथील एका विद्यालयास त्यांचे नाव मिळाले, आणि २०१२ साली त्या शहरातील एका चौकास ‘भल्या महाराजांचा चौक’ असे नामाभिधान झाले. कोल्हापुरातही महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मारक उभे आहे. तिकडे जाणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे.

बंधुभगिनींनो, बाळ येशूला घेऊन योसेफ व मरिया हेरोदाच्या भयाने पळाली तेव्हा मिसर देशाने त्यांस आसरा दिला. तो देश त्यांच्या धर्माचा नव्हता. नवानगरच्या राजाने तेच केले. आणि शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू कोणता प्रश्न विचारणार आहे, हे आपणांस ठाऊक आहे. आजही युद्धामुळे घरदार सोडावे लागलेली मुले जगात थोडी नाहीत. ती आपल्या धर्माची असतील वा नसतील. महोत्सवाच्या या आनंदात त्यांच्यासाठी आपल्या मिस्सेत एक प्रार्थना व आपल्या मिळकतीत एक वाटा आपण राखून ठेवू या. आणि असे एखादे मूल आपल्या दाराशी आलेच, तर त्याची जात, भाषा वा धर्म विचारण्यापूर्वी त्याला घरात घेण्याची बुद्धी परमेश्वर आपणांस देवो.