हात पोहोचेल तिथे

शौचालयाच्या भिंतीवर टॉयलेट पेपरचा रोल अडकवण्यासाठी एक होल्डर असतो. दोन बाजूंना दोन पाय, मध्ये एक दांडी आणि दांडीवर फिरणारा रोल. धडधाकट माणसाच्या दृष्टीने त्यात विचार करण्यासारखे काहीच नसते. बोटांतली संवेदना कमी झालेल्या, हात थरथरणाऱ्या किंवा तोल सांभाळता न येणाऱ्या रुग्णाला मात्र त्याच होल्डरपाशी अडायला होते. कागद फाडल्यावर त्याचे टोक रोलला चिकटून बसते किंवा मागे भिंतीकडे जाते. ते शोधण्यासाठी वळावे लागते, रोल फिरवावा लागतो, नखाने टोक उचलावे लागते. हे जमले नाही, तर बाहेरच्या माणसाला हाक मारावी लागते. आजारी माणसाला अशी हाक मारणे किती जड जाते, हे ज्यांच्या घरी दीर्घकाळचे आजारपण आहे त्यांना सांगायला नको.

ही छोटीशी अडचण गंभीरपणे घेऊन 1982 मध्ये जिने पेटंट मिळवले, तिचे नाव मेरी बिअ‍ॅट्रिस डेव्हिडसन केनर. ती अमेरिकन कृष्णवर्णीय स्त्री होती. अभियांत्रिकीचे शिक्षण नाही, महाविद्यालयाची पदवी नाही, कोणत्याही प्रयोगशाळेशी संबंध नाही. तरीही तिच्या नावावर पाच पेटंट आहेत, आणि त्या प्रत्येकाचा संबंध शरीराच्या रोजच्या गरजांशी आहे.

मेरीचा जन्म 17 मे 1912 रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला. वस्तूंशी खटपट करण्याची सवय घरातच होती. तिचे वडील सिडनी डेव्हिडसन यांनी सूटकेसमध्ये ठेवता येईल असे पँटला इस्त्री करणारे साधन तयार केले होते आणि 1914 मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. न्यूयॉर्कच्या एका कंपनीने त्यासाठी 20,000 डॉलर देऊ केले. वडिलांनी ते नाकारले आणि स्वतःच उत्पादन करायचे ठरवले. अखेर एकच नग तयार झाला आणि तो 14 डॉलरला विकला गेला. चांगली कल्पना सुचणे आणि त्यातून चार पैसे मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मेरीच्या घराने तिच्या लहानपणीच अनुभवले होते.

सहा वर्षांची असताना तिने पहिला प्रयत्न केला. आई सकाळी कामाला निघाली की दाराची बिजागरी करकरायची आणि मेरीची झोप मोडायची. आपोआप तेल सोडणारी बिजागरी करता येईल का, या विचाराने तिने खटपट केली. ती काही जमली नाही. पण पुढे कुठलीही गैरसोय दिसली की तिचे डोके त्याच दिशेने चालू लागले. छत्रीतून ठिबकणारे पाणी टिपायला टोकाला स्पंज लावायची कल्पनाही तिला बालपणीच सुचली.

1924 मध्ये हे कुटुंब वॉशिंग्टनला राहायला आले. अमेरिकेचे पेटंट कार्यालय त्याच शहरात. मेरी तिथे जाऊन आपल्याला सुचलेली वस्तू आधी कुणी नोंदवली आहे का, ते शोधत बसायची. 1931 मध्ये शालेय शिक्षण संपवून तिने हॉवर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. पैशाअभावी दीड-दोन वर्षांतच शिक्षण सोडावे लागले. मग मुले सांभाळण्यासारखी मिळतील ती कामे, त्यानंतर सरकारी नोकरी आणि 1950 पासून फुलांचा व्यवसाय. या व्यवसायात तिचा चांगला जम बसला. वॉशिंग्टन परिसरात तिची चार दुकाने झाली आणि वीसहून अधिक वर्षे ती चालली. शोध लावायचे ते या सगळ्या व्यापातून उरलेल्या वेळात.

तिचा सर्वात गाजलेला शोध मासिक पाळीशी संबंधित आहे. त्या काळी सॅनिटरी पॅडला चिकटपट्टी नसे. कमरेला पट्टा बांधून पॅड त्याला अडकवावे लागे. पट्टा सैल झाला की पॅड सरके आणि कपडे खराब होत. आपल्याकडेही पट्ट्याचे पॅड वापरलेल्या पिढीला हा त्रास आठवत असेल. मेरीने शरीराच्या मापाप्रमाणे जुळवता येईल असा पट्टा तयार केला. कल्पना तरुणपणीच सुचली होती, पण पेटंटचा खर्च परवडणारा नव्हता. पैसे साठल्यावर तिने अर्ज केला आणि 1956 मध्ये पेटंट मिळाले. ओल बाहेर येऊ न देणारा कप्पा असलेल्या सुधारित पट्ट्याचे दुसरे पेटंट 1959 मध्ये मिळाले.

1957 मध्ये सॉन-नॅप-पॅक या कंपनीने या पट्ट्यात रस दाखवला. कंपनीचा माणूस बोलणी करायला वॉशिंग्टनला आला. मेरीने मनाशी बेत रचायला सुरुवात केली होती. समोर कृष्णवर्णीय स्त्री आहे हे पाहिल्यावर कंपनीचा रस संपला. वस्तू तीच होती, तिची उपयुक्तताही तीच होती. अडले ते फक्त शोध लावणारीच्या कातडीच्या रंगावर. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार पेटंटचा हक्क मंजुरीपासून 17 वर्षे टिकत असे. म्हणजे पहिल्या पट्ट्यावरचा मेरीचा हक्क 1973 मध्ये संपला. त्याच सुमारास चिकटपट्टीचे पॅड बाजारात रुळू लागले आणि पट्ट्यांची गरजच हळूहळू संपली. या शोधातून मेरीच्या हाती पैसा आला नाही.

दुसरी एखादी व्यक्ती इथेच थांबली असती. मेरी थांबली नाही, आणि त्याचे एक कारण तिची धाकटी बहीण मिल्ड्रेड होती. मिल्ड्रेडला मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार होता. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जासंस्थेवर हल्ला करते. विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. हे आवरण ठिकठिकाणी खराब झाले की मेंदूकडून स्नायूंकडे आणि त्वचेकडून मेंदूकडे जाणारे संदेश मंदावतात किंवा अडतात. आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. पाय जड होणे, तोल जाणे, हात थरथरणे, बोटे बधिर होणे, नजर धूसर होणे आणि विलक्षण थकवा ही त्याची लक्षणे. अनेक रुग्णांना लघवीची घाई होते किंवा बद्धकोष्ठतेचा त्रास होतो. या शेवटच्या तक्रारींविषयी रुग्ण आपणहून फारसे बोलत नाहीत. परिणाम असा, की ज्याला चालणे अवघड त्यालाच शौचालयात वारंवार आणि घाईने जावे लागते.

मिल्ड्रेडला चालण्यासाठी वॉकर लागत असे. वॉकर दोन्ही हातांनी धरावा लागतो, त्यामुळे पाण्याचा पेला, पुस्तक, औषधाची डबी यांपैकी काहीच सोबत नेता येत नाही. मेरीने वॉकरला जोडता येईल असा कडक पृष्ठभागाचा ट्रे आणि मऊ पिशवी तयार केली. 1976 मध्ये तिला त्याचे पेटंट मिळाले. वॉकर मिळाला म्हणजे रुग्णाची सोय झाली, असे आपण धरून चालतो. वॉकर धरलेल्या माणसाचे हात अडकून पडले आहेत, हे मेरीने पाहिले.

मग आला टॉयलेट पेपरचा होल्डर. तो बहिणींच्या विचारातून उतरल्याचे सांगितले जाते. पेटंट 1982 चे आहे. टॉयलेट पेपरच्या रोलचे एक पेटंट 1891 चे. न्यूयॉर्क राज्यातल्या सेथ व्हीलर यांनी ते घेतले होते आणि त्याच्या चित्रात कागदाचे टोक रोलच्या पुढच्या बाजूने, वरून खाली लोंबताना दाखवले होते. नव्वद वर्षांत होल्डरचे असंख्य प्रकार आले, तरी फाडल्यानंतर टोक हरवण्याची तक्रार तशीच राहिली. रोल अगदी सहज फिरणारा असेल तर एका हाताने ओढल्यावर कागद भसाभसा सुटतो. फार घट्ट असेल तर मध्येच फाटतो. आणि बोटांना स्पर्श नीट कळत नसेल, तर रोलला चिकटलेले पातळ टोक शोधणे म्हणजे सुईत दोरा ओवण्याइतके कठीण. मेरीच्या होल्डरचा हेतू एकच होता: कागदाचे सुटे टोक नेहमी हाताशी राहावे. त्यात यंत्र नव्हते, वीज नव्हती.

1987 मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, तिला पाचवे आणि शेवटचे पेटंट मिळाले. न्हाणीघराच्या भिंतीवर किंवा टबाला बसवून पाठ घासता येईल असे ते साधन होते. खांदा आखडलेल्या किंवा संधिवात असलेल्या माणसाचा हात पाठीपर्यंत जात नाही. मग पाठच साधनापाशी न्यायची, अशी ही सरळ कल्पना. मिल्ड्रेडनेही कौटुंबिक नातेसंबंधांवर आधारित एक खेळ तयार करून त्याचे पेटंट मिळवले होते. तिचे 1993 मध्ये निधन झाले. मेरीने पती जेम्स केनर यांच्यासोबत पाच मुलांचा पालक म्हणून सांभाळ केला. 13 जानेवारी 2006 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी तिचा मृत्यू झाला. हयातीत तिला ना मोठा सन्मान मिळाला, ना शोधांतून संपत्ती. आज मात्र मासिक पाळीच्या साधनांचा इतिहास सांगताना तिचे नाव आवर्जून घेतले जाते.

मेरीच्या होल्डरनंतर आठ वर्षांनी, 1990 मध्ये, अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याखालच्या 2010 च्या मानकांमध्ये सार्वजनिक शौचालयातला कागदाचा होल्डर कुठे असावा हेही ठरवून दिले आहे: कमोडच्या पुढच्या कडेपासून 7 ते 9 इंच पुढे, आणि कागद बाहेर येण्याची जागा जमिनीपासून 15 ते 48 इंच उंचीच्या दरम्यान. कागद घेण्यासाठी मागे वळावे लागू नये आणि होल्डर आधाराच्या दांडीच्या आड येऊ नये, हा त्यामागचा विचार. कमोडवर बसून कंबर वळवणे आणि बाजूला झुकणे म्हणजे तोल जाण्याला निमंत्रण असते.

आपल्याकडे बहुतेक घरांत कागदापेक्षा पाणी वापरतात. वस्तू बदलली तरी प्रश्न तोच राहतो. कमोड बसवताना जेट किंवा नळ बहुधा प्लंबरला पाइप सोयीचा पडेल त्या बाजूला बसतो. कधी तो कमोडच्या मागे असतो, कधी जमिनीलगत. पक्षाघातात डावी बाजू लुळी पडलेल्या रुग्णाला डावीकडचा जेट उपयोगाचा नाही. पार्किन्सनच्या रुग्णाला खाली वाकून तांब्या भरणे जमत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजी उठताना टॉवेलची दांडी धरतात आणि ती स्क्रूसकट हातात येते. मग खुब्याचे हाड मोडते आणि चालत्याबोलत्या माणसाला अंथरूण धरावे लागते. शौचालयात जाण्याच्या धास्तीने कमी पाणी पिणारे, जेवण तोडणारे वृद्धही असतात. त्यातून बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग, असे नवेच दुखणे मागे लागते.

घरात वृद्ध किंवा दीर्घकाळचा रुग्ण असेल, तर एक साधी पाहणी करावी. त्यांना पूर्ण कपड्यांत कमोडवर बसवावे, पाठ सरळ आणि पाय जमिनीला टेकलेले. आता कंबर न वळवता आणि न वाकता चांगला हात जिथपर्यंत सहज जातो, तेवढ्या टापूत जेट, कागद किंवा पुसायचे कापड आणि मदतीसाठी बेल असायला हवी. ज्या बाजूला बळ अधिक, त्या बाजूला या वस्तू हव्यात. कागद वापरत असाल तर एका हाताने ओढता आणि फाडता येईल असा होल्डर निवडावा. दांडीची स्प्रिंग दाबून रोल बदलायला दोन हात लागतात. एका बाजूने उघडा असलेला होल्डर अशा रुग्णाला बरा. आधाराची दांडी वेगळी, पक्क्या भिंतीत खोलवर बसवलेली आणि माणसाचे वजन पेलणारी असावी. टॉवेलची दांडी, नळ आणि कागदाचा होल्डर हे आधारासाठी नाहीत, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे. शौचालयाची फरशी कोरडी असावी, रात्री जाण्याच्या वाटेवर मंद दिवा असावा आणि दाराची कडी बाहेरूनही उघडता येणारी असावी.

या पाहणीत सर्वात महत्त्वाचे मत त्या रुग्णाचे. काय हाताला येत नाही, कुठे भीती वाटते, कोणत्या क्षणी हाक मारावी लागते, हे त्यालाच विचारावे. लाजेपोटी तो पहिल्यांदा काही सांगणार नाही. घरातल्या जवळच्या माणसाने एकट्याने, शांतपणे पुन्हा विचारले, तर सांगेल.