ज्याँ जोरेस : युद्धाच्या वाटेत उभा राहिलेला लोकनेता

१८८५ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी ज्याँ जोरेस फ्रान्सच्या संसदेत निवडून आले, तेव्हा ते समाजवादी नव्हते. ३ सप्टेंबर १८५९ रोजी दक्षिणेकडील कास्त्र या गावी, बेताच्या परिस्थितीतील मध्यमवर्गीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिष्यवृत्तीच्या बळावर ते पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत पोहोचले. पुढे जगप्रसिद्ध झालेले तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ हे त्यांचे सहाध्यायी. तत्त्वज्ञानाचे अध्यापन करणाऱ्या या तरुणाची अशी श्रद्धा होती, की राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले, प्रत्येक पुरुषाच्या हाती मत आले. आता न्याय आपोआप येईल. १८८९ च्या निवडणुकीत पराभव झाल्यावर ते तुलूझला परतले आणि पुन्हा शिकवू लागले. त्यांच्या श्रद्धेची खरी परीक्षा त्यानंतर झाली.

तार्न जिल्ह्यातील कार्मो हे कोळशाच्या खाणींचे गाव. खाणींवर सोलाज घराण्याची सत्ता होती आणि त्याच घराण्याचे मार्क्विस संसदेत त्या भागाचे प्रतिनिधित्व करीत. १८९२ मध्ये गावकऱ्यांनी कालविन्याक नावाच्या खाणकामगाराला, कामगार संघटनेच्या पुढाऱ्याला, नगराध्यक्ष म्हणून निवडले. नगराच्या कामासाठी तो कामावर गैरहजर राहतो, या सबबीवर कंपनीने त्याला काढून टाकले. खाणकामगारांनी संप पुकारला. सरकारने सैन्य धाडले. दोन महिन्यांहून अधिक काळ संप चालला आणि अखेर पंतप्रधान लुबे यांच्या लवादाने कालविन्याकला कामावर परत घेण्यात आले.

या संपाने जोरेस यांच्यापुढे एक रोकडा प्रश्न उभा केला. मतदानाच्या दिवशी राजा असलेला नागरिक दुसऱ्या दिवशी खाणीच्या तोंडाशी मालकाचा बंदा होत असेल, तर त्या मताला अर्थ काय? मार्क्विस सोलाज यांनी राजीनामा दिला आणि जानेवारी १८९३ मधील पोटनिवडणुकीत कार्मोने जोरेस यांना समाजवादी म्हणून संसदेत पाठवले. लोकशाहीने कारखान्याच्या फाटकाशी थांबू नये, हा यापुढे त्यांच्या राजकारणाचा गाभा राहिला.

१८९५ मध्ये त्याच गावी काच कारखान्याच्या मालकाने संघटनेच्या प्रतिनिधींना कामावरून दूर केले. संप फसला, पण कामगार विखुरले नाहीत. संघटना आणि सहकारी संस्था यांच्या वर्गणीतून जवळच्या आल्बी शहरात कामगारांनी स्वतःच्या मालकीचा काच कारखाना उभारला. १८९६ मध्ये तो सुरू झाला. जोरेस त्या खटपटीत आरंभापासून होते.

ड्रेफस प्रकरणात त्यांची भूमिका सहज ठरली नाही. हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेला हा ज्यू अधिकारी वरच्या वर्गातला होता. त्याच्यासाठी कामगारांनी का झिजावे, असे ज्यूल गेद यांच्यासारखे कट्टर समाजवादी विचारीत. जोरेस हेही आधी साशंक होते. मात्र पुरावे तपासल्यावर ते ठामपणे पुढे आले. अन्याय ज्याच्यावर होतो तो कोणत्या वर्गाचा, हे पाहून न्याय मागायचा नसतो, अशी त्यांची धारणा झाली. १८९८ मध्ये त्यांनी खटल्यातील बनावट कागदपत्रांची चिकित्सा करणारी लेखमाला लिहिली. त्याच वर्षी ते निवडणूक हरले. १९०२ मध्ये कार्मोने त्यांना पुन्हा निवडून दिले.

१९०४ मध्ये त्यांनी ल्युमानिते हे दैनिक काढले. १९०५ मध्ये फ्रान्समधील समाजवादी गट एका पक्षात आले. १९१० मध्ये कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा आला, तेव्हा वयोमर्यादा ६५ वर्षांची आणि रक्कम तुटपुंजी म्हणून अनेक सहकाऱ्यांनी विरोध केला. जोरेस यांनी पाठिंबा दिला. अपुरा हक्कही एकदा कायद्यात आला की वाढवता येतो, हा त्यांचा हिशेब होता.

मराठी वाचकाला याच काळातील एक धागा जवळचा वाटेल. १९०७ मध्ये श्टुटगार्ट येथे ज्या आंतरराष्ट्रीय समाजवादी अधिवेशनात मादाम कामा यांनी हिंदुस्थानचा ध्वज फडकावला, त्याच अधिवेशनात युद्ध रोखण्याच्या ठरावावर जोरेस झुंजत होते. जुलै १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकर मार्सेयच्या बंदरात बोटीतून निसटले आणि फ्रेंच भूमीवरून त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली करण्यात आले, तेव्हा ल्युमानिते या पत्राने त्याविरुद्ध आवाज उठवला.

युरोप मात्र शस्त्रसज्ज होत होता. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सैन्यविषयक ग्रंथात जोरेस यांनी आक्रमणासाठी नव्हे, तर संरक्षणासाठी नागरिकांचे सैन्य असावे अशी मांडणी केली. देशप्रेम त्यांनी कधी नाकारले नाही; १९१३ मध्ये सक्तीची सैनिकी सेवा दोनवरून तीन वर्षे करण्याला मात्र त्यांनी कडवा विरोध केला. राष्ट्रवादी पत्रांनी त्यांना जर्मनीचे हस्तक ठरवले. १९१४ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला शंभराच्या आसपास जागा मिळाल्या. शांततेची आशा इतकी बळकट कधीच दिसली नव्हती.

त्यानंतर काही आठवड्यांतच सारे कोसळले. २९ जुलै रोजी ब्रसेल्सच्या सभेत जोरेस जर्मन समाजवाद्यांसह एका व्यासपीठावर होते. ३१ जुलैच्या रात्री पॅरिसमधील एका उपाहारगृहात, खिडकीला पाठ करून जेवत असताना, राऊल व्हिलँ या राष्ट्रवादी तरुणाने त्यांना गोळ्या घातल्या. ४ ऑगस्टला त्यांची अंत्ययात्रा निघाली. त्याच दिवशी जर्मन समाजवाद्यांनी संसदेत युद्धखर्चाला संमती दिली. फ्रेंच कामगारही सैन्यात दाखल झाले, आणि महिनाअखेरीस गेद स्वतः युद्धमंत्रिमंडळात जाऊन बसले. ज्या एकजुटीवर जोरेस यांनी आयुष्य पणाला लावले, ती देशांच्या सीमेवर तुटली.

१९१८ मध्ये त्यांचा एकुलता मुलगा लुई आघाडीवर मारला गेला. मार्च १९१९ मध्ये व्हिलँ निर्दोष सुटला आणि खटल्याचा खर्च जोरेस यांच्या विधवेवर लादला गेला. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९२४ मध्ये, राष्ट्राने त्यांचे अवशेष सन्मानाने पँथिऑनमध्ये नेले. त्या मिरवणुकीत कार्मोचे खाणकामगार कामाच्या वेषात शवपेटीसोबत चालत होते. सरकारने सन्मान द्यायला दहा वर्षे घेतली. कार्मोने तो १८९३ मध्येच दिला होता.