नऊ व्होल्टची बॅटरी आणि कुलूपवाल्याचा पोरगा

गेल्या दिवाळीत आकाशकंदिलासाठी एक लाल एलईडी आणला आणि नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला थेट जोडून टाकला. क्षणभर झक्कास चमकला, मग गेला तो गेलाच. मी पडले मास कॉमवाली. रूममेट इलेक्ट्रॉनिक्सची; ती पोट धरून हसली आणि रेझिस्टर कुठंय, एवढंच तिने विचारलं. त्या रेझिस्टरच्या मागे लागले आणि पोचले थेट जॉर्ज सायमन ओहमपाशी. नववीत ‘व्ही इज इक्वल टू आय आर’ घोकलंय ना तुम्ही? तोच हा.

जन्म १६ मार्च १७८९, जर्मनीतलं एर्लांगन. वडील कुलपं बनवणारे. स्वतः शाळेत फारसे न गेलेले, पण पुस्तकं वाचून गणित शिकलेले आणि पोरांनाही शिकवणारे. आई जॉर्ज दहा वर्षांचा असतानाच गेली. १८०५ मध्ये तो विद्यापीठात दाखल झाला आणि तिथे त्याने काय केलं? नाच, स्केटिंग, बिलियर्ड्स. (आता कसा आपला वाटायला लागला!) वडील भडकले. पदरमोड करून शिकवायचं ते यासाठी? तीन सेमिस्टर होताच स्वारी स्वित्झर्लंडला, एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून. पुढे स्वतःच अभ्यास करून १८११ मध्ये एर्लांगनमधूनच डॉक्टरेट मिळवली. पण पगार तुटपुंजा, म्हणून पुन्हा शाळामास्तरकी. १८१७ मध्ये तो कोलोनच्या शाळेत लागला. तिथे बऱ्यापैकी प्रयोगशाळा होती आणि त्याच्याकडे बापाकडून आलेला हात होता. उपकरणं तो स्वतःच बनवायचा.

आता खरी गंमत. तारेची लांबी वाढवली की वीज किती कमी होते, हे त्याला शोधायचं होतं. १८२५ मध्ये त्याने सूत्र छापलं. ते चुकलं! कारण त्या काळची बॅटरी. प्रयोग चालू असतानाच तिचा जोर उतरायचा, मग तारेचा दोष किती आणि बॅटरीचा किती, कळणार कसं? पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाने त्याला वेगळा उपाय सुचवला: बॅटरी सोडा, थर्मोकपल घ्या. ओहमने बिस्मथची पट्टी तांब्याला जोडली, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर तापमान हलत नाही, म्हणजे व्होल्टेजही हलत नाही. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत तांब्याच्या आठ तारा एकेक करून जोडल्या. वीज मोजायला टांगलेली चुंबकसुई. यावेळी आकडे जुळले. स्वतःचं छापलेलं सूत्र एका वर्षात स्वतःच बाद करायचं, हे मला तरी त्या नियमाहून भारी वाटतं.

१८२७ मध्ये बर्लिनमध्ये पुस्तक आलं. त्याला वाटलं, आता विद्यापीठात खुर्ची मिळणार. कसलं काय! स्वागत थंडच. त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये किरकोळ तासांवर काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला बरी नोकरी लागली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोपली पदक दिलं, तेव्हा कुठे जग वळून बघायला लागलं. म्युनिकमध्ये हवी तशी प्राध्यापकी मिळाली १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. ६ जुलै १८५४ ला तो गेला. फक्त दोन वर्षं.

तर आपला एलईडी. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात. गंमत म्हणजे तो स्वतः ओहमचा नियम पाळत नाही. व्होल्टेज जरासं वाढलं की करंट एकदम उसळतो, म्हणून तर माझा जळला. लगाम घालायला नियम पाळणारा कुणीतरी शेजारी लागतो, तो रेझिस्टर. बॅटरीच्या ९ मधून २ वजा करा, उरले ७ व्होल्ट. ते रेझिस्टरने झेलायचे. एलईडीला हवा २० मिलीअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर. ७ भागिले ०.०२, उत्तर ३५० ओहम. पांढरा किंवा निळा असेल तर २ ऐवजी ३ च्या आसपास धरा, की उत्तर आपोआप बदलेल. अंदाजाने नको, एलईडीच्या डेटाशीटमधला आकडा घ्या.

हे ‘ओहम’ एकक १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेत पक्कं झालं. तोवर त्याला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती.

दुकानात ३५० चा बहुतेक मिळत नाही. त्याच्या वरचा ३९० मागा, पाव वॉटचा. उजेड किंचित कमी पडेल, पण एलईडी टिकेल. पट्टे बघून घ्या: नारिंगी, पांढरा, तपकिरी.