सिंदखेडचे लखुजीराव जाधव

आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ कुटुंबे जालन्याकडे जाता-येता सिंदखेड राजावरून जातात. गाडी चहासाठी थांबते, रस्त्याकाठी जुन्या राजवाड्याचा दगडी दरवाजा दिसतो, जिजाऊसाहेबांचा जन्म इथे झाला एवढे आपण मुलांना सांगतो आणि पुढे निघतो. शेजारच्याच तालुक्यातील ह्या वाड्याचा धनी कोण होता, त्याचे काय झाले, हे मात्र मोठ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. लेकीचे आणि नातवाचे नाव एवढे मोठे झाले की वडिलांचे मागे पडले. म्हणून ह्या रविवारी आम्ही लखुजीराव जाधवांची हकीकत सांगत आहोत.

जाधव घराणे आपले मूळ देवगिरीच्या यादवांशी जोडते. यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभी बुडाले. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी लखुजीराव सिंदखेडचे देशमुख म्हणून पुढे आले, तेव्हा इकडच्या मुलखावर अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल होता. देशमुखी म्हणजे परगण्याचा वसूल गोळा करायचा, बंदोबस्त ठेवायचा आणि बादशहाने हाक दिली की घोडदळ घेऊन जायचे. सुलतान बदलले तरी वतन घरात राहायचे. हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या काळचे मराठे सरदार आपल्याला कळत नाहीत. त्यांचे घर सिंदखेडला होते, चाकरी दौलताबादला.

लखुजींनी गाव वसवले म्हणजे नुसता वाडा बांधला असे नव्हे. नीलकंठेश्वराच्या जुन्या देवळाचा त्यांनी जीर्णोद्धार केला. मोती तलाव, चांदणी तलाव आणि बारवा आजही सिंदखेडला पाहायला मिळतात. आपल्या भागात उन्हाळ्यात पाण्याची काय अवस्था होते हे आपणांस सांगायला नको. म्हणून आम्हाला तरी वाड्यापेक्षा हे तलावच अधिक मोलाचे वाटतात.

म्हाळसाबाई ही त्यांची पत्नी. दत्ताजी, अचलोजी, राघोजी आणि बहादूरजी हे मुलगे. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. वेरूळचे मालोजी भोसले निजामशाहीतच चाकरीला होते. रंगपंचमीच्या दिवशी लखुजींनी आपली छोटी मुलगी आणि मालोजींचा मुलगा शहाजी यांचा जोडा शोभतो असे थट्टेत म्हटले आणि मालोजींनी तो शब्द धरून ठेवला, अशी गोष्ट बखरीत आहे. सिंदखेडला रंगमहाल दाखवताना ती हमखास सांगतात. खरी किती, कोण जाणे. लग्न झाले एवढे मात्र खरे.

पण ही सोयरीक फार दिवस सुखाची राहिली नाही. एकदा दरबार सुटल्यावर खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसे तुडवू लागला. दत्ताजी जाधव त्याला आवरायला धावले. शहाजींचे चुलतभाऊ संभाजी भोसले खंडागळ्यांच्या बाजूने उतरले. हत्ती राहिला बाजूला आणि माणसे एकमेकांवर तुटून पडली. दत्ताजी मारले गेले. ते ऐकून लखुजी परत फिरले, त्या चकमकीत संभाजी भोसले पडले आणि खुद्द शहाजी सासऱ्याच्या हातून जखमी झाले, असे सांगतात. एका जनावराच्या पायी दोन घरांतले दोन तरुण गेले. भाऊ माहेरचा आणि दीर सासरचा, जिजाऊंनी कोणासाठी रडावे?

पुढे १६२१ साली लखुजी निजामशाही सोडून मोगलांना मिळाले. मोगलांनी त्यांना, त्यांच्या मुलांना व नातवंडांना मिळून चोवीस हजारांची मनसब आणि पंधरा हजार स्वार दिले. दक्षिणेतल्या मराठा घराण्याला एवढा मान तोवर क्वचितच मिळाला असेल. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ (आताचे अहिल्यानगर) भातवडीची लढाई झाली. मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा मोड केला. शहाजी अंबरच्या बाजूला, लखुजी समोर. शहाजींचे धाकटे भाऊ शरीफजी तिथे पडले.

ह्यावरून लखुजींना फितूर म्हणणारे लोक आहेत. आम्हाला ते पटत नाही. त्या काळी मुलखावरची निष्ठा अशी गोष्ट अजून घडायची होती. सरदार पाहत तो आपले वतन आणि आपल्या पदरची माणसे. शहाजींनाही पुढे निजामशाही, मोगल आणि आदिलशाही अशा तिन्ही चाकऱ्या कराव्या लागल्या. तरीही एवढे म्हणावे लागेल की लखुजींच्या ह्या निर्णयाची किंमत घरच्या बायकांनीच अधिक मोजली.

१६२६ साली मलिक अंबर मरण पावला आणि निजामशाहीचा कणाच गेला. लखुजी पुन्हा निजामशहाकडे वळले, पण एकदा सोडून गेलेल्या माणसावर निजामशहाचा विश्वास बसेना. २५ जुलै १६२९ रोजी लखुजी मुलांसह दौलताबादच्या किल्ल्यात मुजऱ्यासाठी गेले. तिथे दबा धरून बसलेल्या माणसांनी त्यांना गाठले. लखुजी, अचलोजी, राघोजी आणि दत्ताजींचा मुलगा यशवंतराव असे एकाच घरातले चौघे एका दिवशी मारले गेले. नातू, मुलगे, बाप. म्हाळसाबाई बाहेर छावणीत होत्या. पती, दोन मुले आणि नातू गेल्याची बातमी आल्यावर त्यांनी दीर जगदेवराव आणि उरलेली माणसे घेऊन थेट सिंदखेड गाठले. त्या दिवशी त्या खचल्या असत्या तर घराणे तिथेच संपले असते, असे आम्हाला वाटते.

जिजाऊ त्या वेळी गरोदर होत्या. पुरते सात महिनेही उलटले नाहीत तोच १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. निजामशहाने ह्या कृत्याने आपलेच हात तोडून घेतले. जाधव मोगलांकडे गेले, शहाजींनीही त्याची चाकरी सोडली आणि १६३६ मध्ये निजामशाही बुडाली.

जाधव मात्र टिकले. सेनापती धनाजी जाधव ह्याच वंशातले. एक शाखा जवळच देऊळगाव राजाला नांदली. १७५७ मध्ये मराठे आणि हैदराबादचा निजाम यांची मोठी लढाई सिंदखेडलाच झाली आणि जाधवांच्या ह्या गावाने पुन्हा वेढा पाहिला. शेवट १८५१ साली आला. घराण्यातील बाजीराव यांच्या पदरचे अरब शिपाई निजामाच्या फौजेशी लढले, जहागीर जप्त झाली आणि बाजीराव १८५६ मध्ये कैदेतच वारले.

सिंदखेडला जाणाऱ्यांनी राजवाड्यावरून परत फिरू नये. लखुजीरावांची समाधी म्हणजे घुमटाची भव्य वास्तू आहे. २०२४ च्या जूनमध्ये पुरातत्त्व खात्याने तिच्या डागडुजीच्या वेळी आसपास खणले, तेव्हा जमिनीखालून जुन्या शिवमंदिराचा पाया आणि शेषशायी विष्णूची सुमारे पावणेदोन मीटर लांबीची अखंड दगडी मूर्ती निघाली. १२ जानेवारीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी समाधीपाशी फारसे कोणी नसते, निवांत पाहता येते.