गोपाळ गणेश आगरकर : लोकमताच्या विरुद्ध छापणारा संपादक



आगरकर आपल्या मुलांना कुठे भेटतात? समाजसुधारकांच्या यादीत. जन्मगाव, वृत्तपत्राचं नाव आणि मृत्यूचं साल पाठ झालं की एका गुणाचा प्रश्न सुटतो. पण सध्या घरोघरी बातम्यांचा पूर आहे, आणि त्यातली कोणती मोठी, कोणती छोटी हे आपण डोळे उघडायच्या आधीच कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं. म्हणून यंदा आगरकर मुलांना जरा वेगळ्या बाजूने सांगून पाहा. सुधारक तर ते होतेच. आज आपण त्यांच्याकडे संपादक म्हणून बघू.

त्यांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कराडजवळच्या टेंभू गावातला. घरची परिस्थिती अगदी बेताची. कराडला थोडं शिक्षण झालं, मग कचेरीत कारकुनी केली, शिकायच्या ओढीने रत्नागिरीला जाऊन आले आणि शेवटी अकोल्यात राहून १८७५ साली मॅट्रिक झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना अंगावर एकच सदरा, तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी परत घालायचा, ही गोष्ट तुम्हीही वर्गात सांगितली असेल. तिच्यापुढची गोष्ट मात्र जास्त महत्त्वाची. एम.ए. होऊन मुलगा मोठ्या पगाराची नोकरी धरेल अशी आईला आशा होती. त्यांनी आईला पत्राने आधीच कळवून टाकलं की तसं काही होणार नाही, पोटापुरतं मिळवून उरलेला सगळा वेळ लोकांसाठी घालवणार आहे. वयाच्या चोविशीत, कर्जाची सवय असलेल्या घरातल्या मुलाने हे लिहिणं सोपं नव्हतं.

याच कॉलेजात टिळकांशी मैत्री झाली. १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं होतं, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक तिथे होते. एम.ए. झाल्यावर आगरकरही तिथे शिकवू लागले. जानेवारी १८८१ मध्ये या मंडळींनी इंग्रजीत 'मराठा' आणि मराठीत 'केसरी' काढला, आणि केसरीचे पहिले संपादक झाले आगरकर. हो, आगरकर! मुलं इथे हमखास चकित होतात, कारण केसरी म्हटलं की टिळक एवढंच डोक्यात बसलेलं असतं.

पहिल्याच वर्षात कोल्हापूरचं प्रकरण आलं. तिथल्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे आणि त्यात दिवाण बर्वे यांचा हात आहे, असा मजकूर दोन्ही पत्रांत छापला गेला. दिवाणांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं होतं ती कोर्टात टिकली नाहीत. १८८२ साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. कागद नीट न तपासता छापलं तर काय होतं, हा धडा इथे आहेच. पण गंमत बघा, सुटून आल्यावर दोघांचं जंगी स्वागत झालं. कोर्टाने दोषी ठरवलेले संपादक लोकांच्या नजरेत वीर ठरले आणि त्यांचं पत्र घराघरांत पोचलं. सरकार काय म्हणतं आणि लोक काय मानतात यांत मोठी फट असते, हे त्या तरुणांना तेव्हा कळलं असणार.

पुढे १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. सगळं एकत्र चाललं होतं, आणि आत मतभेद वाढत होते. भांडण कशाचं? आधी काय, याचं. आगरकरांना बालविवाह, विधवांचं केशवपन, मुलींचं शिक्षण, जातिभेद हे विषय पत्रात सतत हवे होते. टिळकांचं म्हणणं असं की, समाज दुखावला तर तो राजकीय लढ्यासाठी एकत्र येणार नाही, आणि घरातल्या गोष्टींत परक्या सरकारचा कायदा नकोच. टिळकांना खलनायक करून हा धडा शिकवू नका हं. लोकांनी आपण होऊन सुधारणा कराव्यात याला त्यांची ना नव्हती. पण पत्र एकच, पानं मोजकी, आणि त्यात पहिली जागा कशाला द्यायची हा प्रश्न दर आठवड्याला उभा. १८८७ मध्ये आगरकर केसरीतून बाहेर पडले.

ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. मराठी बाजू स्वतः आगरकर बघायचे, इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले. वाचकाला आवडेल ते द्यायचं नाही, न आवडणारं पण गरजेचं वाटेल ते द्यायचं, हे धोरण. स्त्रियांच्या पोशाखापासून देवधर्मापर्यंत काहीही त्यांनी सोडलं नाही.

पत्रकारितेच्या अभ्यासात याला आज 'अजेंडा सेटिंग' म्हणतात. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅककॉम्ब्स आणि शॉ या दोन अभ्यासकांनी चॅपल हिल गावात मत न ठरलेल्या शंभर मतदारांना विचारलं, महत्त्वाचे प्रश्न कोणते? उत्तरं आणि माध्यमांनी ज्या प्रश्नांना जास्त जागा दिली होती ती यादी, दोन्ही जवळपास जुळली. माध्यमं मत बदलू शकोत न शकोत, कशावर मत बनवायचं हे मात्र बरंचसं तीच ठरवतात. आगरकर-टिळकांना हे नाव माहीत नव्हतं, पण त्यांचा झगडा नेमका हाच होता.

तो सगळ्यात उघडा पडला १८९०-९१ मध्ये. कोलकात्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. खटला गाजला आणि सरकारने संमतिवयाचं विधेयक आणलं. वय दहाचं बारा करायचं, बस, एवढंच. आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण तेव्हा केसरीने धर्मात सरकारची ढवळाढवळ हा मुद्दा वर ठेवला, सुधारकने मुलीचा जीव हा मुद्दा वर ठेवला. घटना एकच होती. वर्गात इथे थांबा आणि मुलांना विचारा, पहिला मथळा वाचणाऱ्याला राग कुणाचा येईल? आणि दुसरा वाचणाऱ्याला?

मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. पण पुण्यातलं लोकमत आगरकरांच्या बाजूला नव्हतंच. विरोधकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. यावर त्यांनी लिहिणं कमी केलं नाही. १८९२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्य होते, शिकवणं आणि पत्र दोन्ही चालू, आणि सोबत दमा. (मराठी शिकवणाऱ्यांसाठी सांगते, वाक्यांच्या पृथक्करणावरही त्यांचं पुस्तक आहे. व्याकरणाच्या तासालाही आगरकर येऊ शकतात!)

घरी करून पाहण्यासारखं एक काम सांगते. एकाच दिवसाची दोन मराठी वर्तमानपत्रं घ्या, मुलांना पट्टी द्या आणि पहिल्या पानावर कोणत्या बातमीला किती सेंटिमीटर जागा मिळाली ते मोजू द्या. मग कोणती बातमी एकाने आत टाकली आणि दुसऱ्याने वर आणली ते शोधायचं. चर्चा आपोआप सुरू होते, आपण फारसं बोलावं लागत नाही.

१७ जून १८९५ ला आगरकर गेले, एकोणचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. केसरीत मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात भरलं. तोवर सामाजिक परिषद काँग्रेसच्याच मांडवात भरायची. पुण्यात त्यावरून इतका वाद पेटला की न्यायमूर्ती रानड्यांना परिषद वेगळ्या जागी घ्यावी लागली. ती भरली फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात.