कॉनन डॉयल यांचे व्याख्यानदौरे : लेखक, नायक आणि श्रोते

सर आर्थर कॉनन डॉयल (१८५९–१९३०) यांच्या चरित्राची मांडणी प्रायः शेरलॉक होम्स या नायकाच्या अनुरोधाने केली जाते. वैद्यकाचे शिक्षण घेताना एडिंबरो येथे लाभलेले डॉ. जोसेफ बेल यांचे सान्निध्य, साउथसी येथील वैद्यकीय व्यवसाय, १८८७ मधील पहिली होम्स कादंबरी आणि १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकातील कथांनी मिळवून दिलेली कीर्ती हे टप्पे सुपरिचित आहेत. मात्र लेखकाचे आपल्या वाचकाशी असलेले नाते ज्या ठिकाणी प्रत्यक्ष कसाला लागले, ते ठिकाण म्हणजे व्याख्यानाचे व्यासपीठ होय. या दृष्टीने त्यांचे दौरे त्यांच्या वाङ्मयीन चरित्राचाच एक महत्त्वाचा भाग ठरतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज लेखकाने अमेरिकेत जाऊन आपल्या साहित्याचे जाहीर वाचन करावे, ही प्रथा रूढ झाली होती. चार्ल्स डिकन्स १८६७–६८ मध्ये आणि रहस्यप्रधान कादंबरीचे एक आद्य प्रवर्तक विल्की कॉलिन्स १८७३–७४ मध्ये असे दौरे करून आले होते. अशा दौऱ्यांतून मानधन तर मिळेच, शिवाय नव्या पुस्तकांचा बोलबालाही होई. मार्क ट्वेन, स्टॅन्ली आदींच्या व्याख्यानांची व्यवस्था पाहणारे मेजर जेम्स पाँड यांच्यामार्फत डॉयल १८९४ च्या शरद ऋतूत अमेरिकेस गेले. धाकटे बंधू इन्स त्यांच्यासमवेत होते.

या प्रवासाची पार्श्वभूमी सुखाची नव्हती. १८९३ च्या ऑक्टोबरात वडिलांचे निधन झाले होते. त्याच सुमारास पत्नी लुइझा यांना क्षय जडल्याचे निदान झाले आणि त्यांच्या प्रकृतीसाठी कुटुंबाला स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे मुक्काम हलवावा लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या कथेत डॉयल यांनी होम्सचा शेवट केला. ‘द व्हाइट कंपनी’सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्या हेच आपले खरे कार्य अशी त्यांची धारणा होती आणि गुप्तहेराची लोकप्रियता त्या कार्याआड येते असे त्यांना वाटे. अशा स्थितीत, नायकाला मारून वर्षही उलटले नसताना, त्याच नायकाच्या चाहत्यांपुढे ते उभे राहणार होते.

१० ऑक्टोबर १८९४ रोजी न्यूयॉर्कमधील कॅल्व्हरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांचे पहिले व्याख्यान झाले. त्यानंतर शिकागो, इंडियानापोलिस, मिल्वॉकी, टोलेडो अशा नगरांतून रेल्वेने रात्रंदिवस प्रवास, सभागृह, स्वागताची भोजने आणि वार्ताहरांचे प्रश्न हा क्रम सुरू झाला. जॉर्ज मेरेडिथ यांच्यावरील समीक्षात्मक व्याख्यान त्यांनी तयार ठेवले होते. परंतु मागणी राहिली ती स्वतःच्या लेखनाविषयीच्या आठवणी आणि वाचन यांनाच. श्रोत्यांपैकी अनेकांच्या मनात होम्ससारखी कृश, फिकट, व्यसनाच्या खुणा अंगावर वागवणारी मूर्ती होती. प्रत्यक्षात समोर आले ते धिप्पाड बांध्याचे, भरघोस मिशांचे, स्कॉटिश वळणाने बोलणारे एक निरोगी गृहस्थ. हा अपेक्षाभंग डॉयल यांनी पुढे आत्मचरित्रात विनोदाने नोंदविला आहे. मात्र त्यामागील तथ्य गंभीर आहे: वाचकाच्या लेखी निर्मिती ही निर्मात्याहून अधिक खरी झाली होती.

या मागणीला डॉयल यांनी दिलेले उत्तर लक्षणीय आहे. होम्सच्या उगमाची हकिगत सांगण्याचे त्यांनी टाळले नाही. तथापि वैद्यकीय जीवनावरील ‘राउंड द रेड लँप’ हा कथासंग्रह याच ऑक्टोबरात प्रकाशित झाला होता, आणि ब्रिगेडियर जेरार या नव्या नायकाची पहिली कथा डिसेंबरमध्ये छापून येण्यापूर्वीच त्यांनी ती अमेरिकेतील श्रोत्यांना वाचून दाखविली. जुन्या नायकासाठी जमलेल्या समुदायापुढे नवा नायक उभा करण्याचा हा प्रयत्न होता.

व्याख्यानांच्या मधल्या अवकाशातही काही अर्थपूर्ण प्रसंग घडले. ज्यांच्याविषयी डॉयल यांना नितांत आदर होता, ते लेखक व वैद्य ऑलिव्हर वेंडेल होम्स ७ ऑक्टोबरलाच निवर्तले होते. भेटीची इच्छा त्यांच्या समाधीच्या दर्शनावर भागवावी लागली. डेट्रॉइट येथील भोजनप्रसंगी ब्रिटनवर टीका होताच त्यांनी आपल्या देशाची बाजू ठामपणे मांडली. व्हरमाँटमध्ये मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंग यांच्याकडे ते पाहुणे म्हणून राहिले आणि तेथे दोघे गोल्फ खेळले. दौऱ्यातून उरलेले धन त्यांनी आर्थिक अडचणीत सापडलेल्या मॅक्लूर यांच्या मासिकात गुंतविले. डिसेंबरात ते मायदेशी परतले.

पुढे १९०१ मध्ये ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ क्रमशः येऊ लागली आणि १९०३ मध्ये होम्स पुन्हा जिवंत झाला. वाचकांच्या आग्रहापुढे आणि प्रकाशकांनी देऊ केलेल्या मोबदल्यापुढे लेखकाने घेतलेली ही माघार होती. दौऱ्यांचे स्वरूप मात्र पुढील काळात पार पालटले. १९१८ मध्ये पुत्र किंग्जली आणि १९१९ मध्ये बंधू इन्स यांचा मृत्यू झाला. परलोकविद्येकडे ते त्यापूर्वीच वळले होते. आता तिचा प्रचार हेच त्यांचे जीवितकार्य बनले. १९२० मध्ये दुसऱ्या पत्नी जीन व मुले यांच्यासह ते ऑस्ट्रेलियाला निघाले असता त्यांचे जहाज मुंबई बंदरातही थांबले होते. १९२२ व १९२३ मध्ये अमेरिका, १९२८–२९ मध्ये आफ्रिका आणि १९२९ मध्ये हॉलंड व स्कँडिनेव्हिया असे दौरे त्यांनी केले. दौऱ्यांवर आधारित प्रवासग्रंथही त्यांनी लिहिले. आता मानधन हा हेतू उरला नव्हता. उलट या कार्यासाठी ते स्वतःचे धन वेचत होते. पण सभागृहे भरत होती ती बव्हंशी होम्सच्या जनकाला पाहण्यासाठी. तर्ककठोर गुप्तहेराच्या निर्मात्याने मृतात्म्यांशी संवाद साधल्याचे सांगावे, या विसंगतीचे कुतूहल वृत्तपत्रांना होतेच. ज्या कीर्तीचा १८९४ मध्ये त्यांना जाच वाटला होता, तीच आता त्यांचे भांडवल झाली होती.

१९२९ च्या दौऱ्याच्या श्रमांनी त्यांचे दुर्बल झालेले हृदय खचले. ७ जुलै १९३० रोजी क्रोबरो येथे त्यांचे निधन झाले. मराठीत होम्सकथा आणणाऱ्या भालबा केळकरांच्या वाचकांनाही डॉयल परिचित आहेत ते होम्समुळेच. १९५५ मध्ये त्यांचे अवशेष मिन्स्टेड येथील चर्चच्या आवारात हलविण्यात आले. तेथील शिलालेख त्यांचा उल्लेख सरदार, देशभक्त, वैद्य आणि साहित्यिक असा करतो. होम्सचे नाव त्यात नाही. व्यासपीठावरून आयुष्यभर त्यांनी जी ओळख मागितली, ती त्यांना त्या शिळेने दिली. श्रोत्यांनी मात्र ती कधीच पूर्णपणे मान्य केली नाही.